गोव्यात पानं रंगतात का? आईला दाखवायची आहेत

पर्वरीची_पाहुणी | २ नोव्हेंबर, रात्री ९.१५

नमस्कार मंडळी. पुण्याहून पर्वरीला राहायला येऊन तीन वर्षं झाली. इतके दिवस इथलं फक्त वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

आईला काश्मीरचे चिनार पाहायचे होते. ती शाळेत भूगोल शिकवायची, ३२ वर्षं फळ्यावर काश्मीर काढलं आणि कधी गेली नाही. यंदा ऑक्टोबरअखेरची तिकिटं काढली होती. जूनमध्ये गुडघा बदलला, डॉक्टरांनी लांबचा प्रवास नको म्हटलं, तिकिटं रद्द केली. तिने चेहऱ्यावर काही दाखवलं नाही, पण कपाटातली श्रीनगरची घडी घातलेली बातमी अजून तिथेच आहे.

आता तुळशीचं लग्न उरकलं की ती पंधरा दिवस माझ्याकडे येणार आहे. मला तिला इथेच काहीतरी दाखवायचंय. थंडीच्या तोंडावर गोव्यातल्या रानात पानांचे, झाडांचे रंग बदललेले दिसतात का? कुठे? ती काठी घेऊन सपाटीवर अर्धा-पाऊण तास नीट चालते. चढ नको.

चिनारच हवा असं नाही. ती झाडांकडे बघत चालली पाहिजे, एवढंच.

---

मांडवीतीर | २ नोव्हेंबर, रात्री ९.५०

ताई, खरं सांगतो, त्या अर्थाने काही नाही. माझा जन्म इथला. पावसात हिरवं, नंतरही हिरवंच, फक्त जरा धूळ बसलेलं. रंगीत पानांसाठी हिमाचल नाहीतर काश्मीर. आईंना समुद्रावरचा सूर्यास्त दाखवा, नोव्हेंबरात आकाश फार सुंदर असतं.

---

किंदळवाट | २ नोव्हेंबर, रात्री ११.०५

मांडवीतीर, रागावू नका, पण हे मला मान्य नाही. मी सत्तरी तालुक्यातला. आपल्याला दिसत नाही कारण आपण मेपलसारखं काहीतरी शोधतो.

नोव्हेंबरच्या मध्यावर वाळपईहून चोर्ल्याच्या दिशेने निघा, नाहीतर मोल्याहून अनमोड घाटाकडे. उतारावर हिरव्यात एखादंच झाड विटकरी दिसतं. पुढच्या वळणावर पाच-सहा. मग डोंगराची अख्खी सोंडच तांबडी. लांबून वाटतं पानं पिकली. जवळ जाऊन पाहिलं तर पानं हिरवीच्या हिरवी आणि वर सगळा तांबडा गुच्छांचा थर. तो किंदळ. कोकणात त्यालाच किंजळ म्हणतात. पावसाच्या शेवटी त्याला बारीक फुलांचे तुरे येतात, मधमाश्यांची झुंबड उडते, आणि ऑक्टोबर सरता सरता त्या तुऱ्यांची फळं होतात. रंग असतो तो फळांना.

एक फळ तळहातावर घेऊन बघा. नखाएवढं. कागदासारखे तीन पंख, त्यातला एक मोठा, दोन अगदी छोटे. आधी गुलाबीसर तांबडे, डिसेंबरात गंजलेल्या पत्र्याच्या रंगाचे, मग तपकिरी होऊन वाऱ्यावर सुटतात. मी लहान असताना आजीला विचारलं होतं, ही कसली फुलं गो? ती म्हणाली, "फुलां न्हय रे, फळां तीं." ते वाक्य मी आजही प्रत्येक पाहुण्याला ऐकवतो, कारण प्रत्येक पाहुणा तेच विचारतो.

आमच्याकडे भाताची मळणी आटोपायची आणि समोरचा डोंगर तांबडा व्हायचा, दोन्ही एका सुमाराला. माझ्यासाठी थंडी म्हणजे ते.

आईंना जरूर आणा. चढायची गरज नाही, किंदळ रस्त्यावरूनच दिसतो.

---

फोंड्याची_मुक्ता | ३ नोव्हेंबर, सकाळी ७.२०

अय्या, तो किंदळ होय! दर वर्षी बोंडल्याला जाताना बघते आणि दर वर्षी मनाशी म्हणते, ही झाडं वाळली की काय. धन्यवाद दादा. वाचतेय.

---

शब्दवेडा | ३ नोव्हेंबर, सकाळी ८.४५

सगळा घोळ भाषांतरातून झालाय असं मला वाटतं. शाळेत आपण ऑटम म्हणजे शरद असं पाठ केलं. पण आपला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. धुतलेलं आकाश, कोजागिरीचं चांदणं, पिवळं झालेलं भात. त्यात पानगळ नाहीच. नंतर मार्गशीर्ष-पौष हा हेमंत, आणि पानगळ येते ती शिशिरात, माघ-फाल्गुनात. म्हणजे जानेवारीअखेर ते मार्च. जुन्या लोकांनी ऋतू इथल्या झाडांकडे बघून लावले होते, आपण पुस्तकाकडे बघून शोधतो आणि म्हणतो, इथे काही नाही.

ताई, तुमच्या आई येतील तेव्हा शरद संपून हेमंत लागत असेल. पिकलेल्या पानांना तेव्हा वेळ आहे. पण किंदळवाट म्हणतात तो रंग नेमका त्याच दिवसांतला.

---

मांडवीतीर | ३ नोव्हेंबर, सकाळी ९.१०

किंदळवाट, रागावतो कशाला. ५४ वर्षांचा झालो, त्या घाटातून शेकडो वेळा बेळगावला गेलो, आणि हे मला माहीत नव्हतं. या रविवारी जाऊन बघतो.

---

पाटीवरची_पानं | ३ नोव्हेंबर, दुपारी २.३०

मी कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवते, म्हणून जरा लांबण लावते.

पान हिरवं दिसतं हरितद्रव्यामुळे. पिवळा रंग, म्हणजे कॅरोटिनॉइड, पानात मुळातच असतो, फक्त हिरव्याखाली झाकलेला. झाड पान टाकायची तयारी करतं तेव्हा हरितद्रव्य मोडून त्यातलं कामाचं ते आत ओढून घेतं, आणि खालचा पिवळा वर येतो. लाल रंगाचं मात्र तसं नाही. तो अँथोसायनिन, बहुतेक वेळा झाड तो शेवटच्या दिवसांत नव्याने बनवतं, पानात उरलेल्या साखरेतून. लख्ख ऊन आणि गार रात्री असल्या की तो जास्त खुलतो. म्हणून थंड देशात रान पेटल्यासारखं दिसतं.

थंड देशात झाडाला इशारा मिळतो तो मुख्यतः लहान होत जाणाऱ्या दिवसाचा आणि थंडीचा. आपल्याकडे इशारा देतं ते पाणी. पाऊस ऑक्टोबरात संपतो, जमिनीतली ओल हळूहळू उतरत जाते, आणि ज्याच्या मुळाशी ओल आधी संपते ते झाड आधी पान सोडतं. ओढ्याकाठचं झाड महिनाभर मागे राहतं. त्यामुळे आपलं रान एका दिवशी रंगत नाही, एकेक झाड आपापल्या वेळेला रंगतं.

आणि एक गंमत सांगते. आपल्याकडे पुष्कळदा लाल असतं ते कोवळं पान! आंब्याकडे बघा सध्या. ज्या फांद्यांना नवी पालवी फुटलीय तिथे टोकाला तांबूस, मऊ, ओल्या रुमालासारखी लोंबणारी पानं आहेत. तोच अँथोसायनिन. कोवळ्या पानाला उन्हाची झळ लागू नये, किडीने खाऊ नये, यासाठी असावा असं मानतात. काजूची नवी पानंही तशीच तांबूस. ताई, तुमच्या सोसायटीत आंबा असेलच. आईंना पहिल्या दिवशी तोच दाखवा.

---

म्हापसा_ते_टोरोंटो | ३ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.०५

मी अकरा वर्षं ऑन्टारियोत आहे. इथल्या अल्गॉन्किन पार्कात शुगर मेपल सप्टेंबरच्या शेवटी आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला लाल-केशरी होतात. पहिल्या वर्षी मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून नुसता उभा राहिलो होतो. त्याचं वर्णन मला जमणार नाही. मग ॲस्पेन पिवळे होतात, शेवटी टॅमरॅक नावाची सूचीपर्णी झाडं सोनेरी होऊन पानं गाळतात. नोव्हेंबर उजाडला की सगळं उघडं. आज माझ्या खिडकीबाहेर फक्त काटक्या आहेत.

पण दर वर्षी याच दिवसांत मला आठवतो तो आमच्या मागचा सडा, म्हणजे जांभ्याचं सपाट पठार. सकाळी सहाला बाबांबरोबर जायचो. करड, म्हणजे सड्यावरचं उंच गवत, कमरेइतकं वाढलेलं, दंवाने वाकलेलं, चड्डी ओली व्हायची. ऊन वर आलं की अख्खा सडा एकदम पिवळा व्हायचा. इतका सोनेरी रंग मी इथे पाहिलेला नाही. कुणीतरी सड्याचा एक फोटो टाका ना, प्लीज.

---

सड्यावरचा | ३ नोव्हेंबर, रात्री ८.४०

टाकला बघा, आज सकाळचा, धारबांदोड्याकडचा. करड अजून पुरतं वाळलं नाही. बुडख्याला हिरवट, मध्ये जांभळट-तांबूस, तुऱ्याशी सोनेरी. आठवड्याभरात अजून पिवळं होईल.

सड्यावर फुलांचा हंगाम मात्र सरला. सीतेची आसवं, गेंद, तेरडा, कवल्याची पिवळी फुलं, हे सगळं ऑगस्ट-सप्टेंबरातलं. जांभ्यावर बोटभर माती असते. पाऊस थांबला की ती पंधरा दिवसांत सुकते आणि एवढीशी रोपटी बी टाकून संपतात. हे मुद्दाम सांगतोय, कारण माझ्या मेहुणीला गेल्या वर्षी एका सहलवाल्याने ऑक्टोबरच्या शेवटी "फुलांचा सडा" म्हणून पैसे घेऊन नेलं आणि वाळकं गवत दाखवून आणलं. त्याने सरळ "सोनेरी गवताचा सडा" म्हणून नेलं असतं तर ती आनंदाने गेली असती. जे आहे ते सांगून दाखवलं की माणूस बघतो.

ताई, आईंना सड्यावर नेलंत तर पायाखाली सांभाळा. करडाखाली जांभ्याची भोकं दिसत नाहीत. मळलेली पायवाट सोडू नका.

---

म्हापसा_ते_टोरोंटो | ३ नोव्हेंबर, रात्री ९.०२

पाहिला. बाबांना पाठवला. आभारी आहे.

---

डिचोलीचा_नाना | ४ नोव्हेंबर, सकाळी १०.१५

हा फोटो बघा, आमच्याकडच्या सागवानाच्या लागवडीतला. पार ऑक्टोबरातच सगळी पानं तपकिरी झाली आहेत. ही पानगळच ना? मग सगळे जानेवारी का म्हणताय?

---

पाटीवरची_पानं | ४ नोव्हेंबर, सकाळी ११.००

नाना, त्यातलं एक पान तोडून उन्हासमोर धरा. आरपार जाळी दिसेल. सागावर एक अळी असते, ती पानाचा मऊ भाग खाते आणि शिरा तेवढ्या ठेवते. पावसाच्या शेवटी तिचा जोर असतो, मग लांबून अख्खी लागवड करपल्यासारखी दिसते. साग खरा पान टाकतो तो पुढे, कोरड्या दिवसांत. पण ते जाळीचं पान वहीत जपून ठेवा. पैठणीच्या काठालाही इतकं बारीक काम नसतं.

---

डिचोलीचा_नाना | ४ नोव्हेंबर, सकाळी ११.४०

धरलं. खरंच जाळी आहे. नातीला दिलं, ती कुणाला हात लावू देत नाही.

---

साखळीकर_सई | ४ नोव्हेंबर, दुपारी ४.२०

रंग म्हटला की माझ्या डोळ्यांसमोर आधी माटोळी येते, चतुर्थीला गणपतीच्या वर रानातली फळं-फुलं बांधतात ती. मामा रानातून कांगलं, कवंडळं ही रानफळं आणि खुळखुळ्यासारख्या शेंगांच्या घागऱ्या घेऊन यायचा. कवंडळाचं तांबडं फळ बघून आम्ही भांडायचो, आपल्या बाजूला कोणाचं बांधायचं म्हणून. चतुर्थी सरली तरी घागऱ्या रानात असतातच. आता त्यांच्या शेंगा वाळून खुळखुळायला लागल्यात. आईंना एक शेंग हातात द्या आणि हलवायला सांगा.

त्या झाडांवर या दिवसांत ब्लू टायगर आणि कॉमन क्रो फुलपाखरांचे थवे असतात. एकदा मी एका झुडपाला हात लावला आणि ते झुडूपच उडून गेलं असं वाटलं.

त्रिपुरारी पौर्णिमेला आमच्याकडे विठ्ठलापूरला वाळवंटी नदीत होड्या सोडतात. ताई, आई तेव्हा इथे असतील तर रात्री त्या बघा, आमच्याकडे राहा, आणि सकाळी उठून रानाकडे निघा. साखळीहून वाळपई लांब नाही.

---

पेडण्याची_वैनी | ४ नोव्हेंबर, संध्याकाळी ५.१०

आणि निघायच्या आधी काटेकणगी, म्हणजे वेलाचा कंद, उकडून गुळाबरोबर खायला द्या हो आईंना! थंडीची खरी खूण ती. खणायला आता सुरुवात होईल. आमच्याकडे सासूबाई परसातल्या वेलाची पानं पिवळी पडायची वाट बघतात. वेल पिवळा झाला की कणगी तयार. हाही पानांचा रंगच झाला ना?

---

शब्दवेडा | ४ नोव्हेंबर, संध्याकाळी ५.३०

वैनी, या धाग्यावरचा सर्वात उपयोगी पिवळा रंग तुमचाच.

---

कुळागरवाला | ४ नोव्हेंबर, रात्री ९.००

आमच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागायतीत या, पोफळीवर पिकलेल्या सुपारीचे केशरी घोस दाखवतो. बाकी सगळं गर्द हिरवं आणि खांबासारख्या पोफळींवर तेवढेच केशरी ठिपके. सावली, सपाट वाट, बाजूला पाटाचं पाणी. आईंच्या पायाला सोपं.

---

आरोग्यसेविका_सत्तरी | ५ नोव्हेंबर, सकाळी ६.५०

सगळं छान चाललंय, त्यात एक काळजीची गोष्ट सांगते. २०१५ मध्ये सत्तरीत माकडतापाचे रुग्ण सापडले आणि नंतरही सापडत राहिले. हा ताप रानातल्या बारीक गोचिडींमुळे होतो. त्यांचा जोर साधारण डिसेंबरपासून पाऊस पडेपर्यंत, म्हणजे नेमका आपल्या भटकंतीच्या दिवसांत.

घाबरून घरी बसू नका. पूर्ण बाह्या घाला, पायजमा मोज्यात खोचा, वाळक्या पाल्यावर बसू नका. रानातून आल्यावर आंघोळ करून अंग नीट बघा, कपडे गरम पाण्यात टाका. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवा. आणि रानात जाऊन आल्यावर आठवडाभरात एकदम ताप चढला, अंग ठणकायला लागलं, तर डॉक्टरांना "रानात गेले होते" हे आधी सांगा. पेशंट हे सांगत नाहीत आणि दिवस वाया जातात. मी डोळ्यांनी पाहिलंय.

---

पर्वरीची_पाहुणी | ५ नोव्हेंबर, सकाळी ८.००

ताई, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मनापासून आभार. आईसाठी बसायला घडीची खुर्ची नेईन.

सगळ्यांचं वाचून रात्री झोप लागली नाही इतका आनंद झालाय. सोसायटीतला आंबा सकाळी बघून आले. पालवी आहे! तीन वर्षं त्याच्याखाली गाडी लावतेय.

---

पणजीचा_पायी | ५ नोव्हेंबर, सकाळी ९.२५

शहरात राहणाऱ्यांसाठी बदाम विसरू नका. आपला देशी बदाम, आडव्या फांद्यांचा. डिसेंबर-जानेवारीत त्याची मोठाली पानं शेंदरी, लाल, किरमिजी होतात आणि एकेक करून फरसबंदीवर पडतात. पणजीत कितीतरी घरांच्या आवारात आहे. चिनाराची आठवण यावी असं शहरात काही असेल तर हेच झाड. माझी मुलगी शाळेत जाताना रोज एक पान उचलते आणि बाईंच्या टेबलावर ठेवते.

---

सड्यावरचा | ५ नोव्हेंबर, दुपारी १.१०

बदाम आवडतो, पण तो किनाऱ्यावरचा, बागेतला. रानातला लाल पाहायचा तर कुंभा. जानेवारी-फेब्रुवारीत त्याचं पान गळायच्या आधी असं लालभडक होतं की मागे ऊन असेल तर काच लावल्यासारखं दिसतं. एका झाडावर हिरवं, पिवळं, नारिंगी, लाल, सगळं एका वेळेला. नाणा नावाचं झाडही बघा, पानं झडली की त्याचं गुळगुळीत पांढरट खोड रानात उठून दिसतं. मग माडत. मगरीच्या पाठीसारखी साल. त्याचं फळही पंखांचंच, पण पंख पाच आणि सारखे. किंदळ आणि माडत यांत घोटाळा झाला तर पंख मोजायचे.

---

फोंड्याची_मुक्ता | ५ नोव्हेंबर, दुपारी १.३०

पंख मोजायचे! हे लक्षात राहील.

---

कुळागरवाला | ६ नोव्हेंबर, रात्री ८.१५

जरा विषय सोडून. ही पानं पडली की पुढे काय? पूर्वी बायका खराट्याने पातेरा, म्हणजे वाळका पाला, गोळा करून कुळागरात झाडांच्या बुंध्याशी घालायच्या. आता वाटेवर ढीग करतात आणि काडी लावतात. गेल्या फेब्रुवारीत आमच्या शेजारच्या बागायतीत अशाच ढिगाची आग कुंपण ओलांडून आली आणि माझी सोळा पोफळी करपली. माणूस वाईट नव्हता, दुपारचा वारा सुटला आणि आवरलं नाही.

---

किंदळवाट | ६ नोव्हेंबर, रात्री ९.३०

विषय सोडून नाही, याच विषयाचं पुढचं पान आहे. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात आणि आसपास वणवे लागले तेव्हा आम्ही गावातली माणसं झाडांच्या फांद्या घेऊन आग झोडपत होतो. पायाखाली जळत होता तो हाच पातेरा. ज्या पाल्यात बेडूक, विंचू, गोगलगायी पावसाची वाट बघत पडून असतात, तो एका दुपारीत राख. नंतर तिथून चालताना पायाखाली आवाज येत नव्हता. रानात पानांचा आवाज न येणं किती भयंकर असतं हे तेव्हा कळलं.

पातेरा जाळू नका. परसात खड्डा करा, त्यात टाका, पावसात त्याची माती होते.

---

मांडवीतीर | ९ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.४५

अनमोड घाटात जाऊन आलो. बायको बरोबर होती. दुसऱ्या वळणावर गाडी बाजूला घेतली. समोरचा उतार किंदळवाट म्हणतात तसाच. अजून गुलाबीसर आहे, तांबडा व्हायला आठवडा जाईल. बायको म्हणाली, कुंकवाचा हात फिरवल्यासारखा दिसतोय. आम्ही तिथे अर्धा तास होतो. मागून दहा-बारा गाड्या भरधाव गेल्या, एकही थांबली नाही. गेली तीस वर्षं मीही असाच गेलो.

---

पर्वरीची_पाहुणी | २४ नोव्हेंबर, रात्री १०.२०

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला. आई आल्यापासून घरात लॅपटॉप उघडलाच नाही.

काल तांबडी सुर्ल्याला गेलो. सकाळी सहाला निघालो, मोल्याहून आत वळलो तेव्हा झाडांवर धुकं होतं. देवळापर्यंतची वाट आईला सहज जमली. कदंबांच्या काळातलं ते काळ्या दगडाचं देऊळ, बाजूला नदी, आणि मागे डोंगर. आठच्या सुमाराला ऊन डोंगराच्या माथ्यावरून खाली उतरायला लागलं. जिथे जिथे ते किंदळावर पोचलं तिथे तिथे झाड पेटल्यासारखं उजळत गेलं. काळं देऊळ पुढे, तो तांबडा मागे. आई खुर्चीत बसून होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग शाळेतल्या आवाजात म्हणाली, "उतार पश्चिमेकडे आहे म्हणून इथे ऊन उशिरा येतं." मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं.

नदीजवळच्या झाडावर वानरं होती. त्यांच्या धसमुसळेपणात एक डहाळी तुटून खाली पडली. मी उचलून तिला दिली. तिने चष्मा वर केला, एक फळ सोडवलं आणि पंख मोजले. एक मोठा, दोन छोटे. सड्यावरचा दादा, तुमची खूण कामाला आली. मग तिने हात डोक्याएवढा उंच केला आणि फळ सोडलं. ते गिरक्या घेत तिच्या पायाशी आलं. तिने ते अकरा वेळा केलं. मी मोजलं. देवळात आलेल्या एका शाळेच्या सहलीतली चार मुलं येऊन तिच्याबरोबर फळं सोडायला लागली, आणि मग तिने त्यांना वारा बी कसं नेतो ते शिकवलं. निवृत्तीनंतर तिला शिकवताना मी पहिल्यांदा पाहिलं.

परत येताना घागरीची शेंगही मिळाली, सई. ती आता गाडीत काचेजवळ आहे, वळणावर खुळखुळते.

सोसायटीतल्या आंब्याची पालवी तांबूस होती ती आता पोपटी झालीय. आई रोज सकाळी त्याच्यापर्यंत चालत जाते, कोणती फांदी किती हिरवी झाली ते येऊन सांगते. गुडघ्याचा व्यायाम कर म्हणून मला आता मागे लागावं लागत नाही.

आरोग्यसेविका ताई, मोजे, बाह्या, आंघोळ, सगळं केलं.

---

किंदळवाट | २४ नोव्हेंबर, रात्री १०.४५

ताई, हे वाचून घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं.

---

पाटीवरची_पानं | २५ नोव्हेंबर, सकाळी ७.३०

त्यांना माझ्या वर्गावर पाठवा एकदा. खरंच सांगतेय. डिसेंबरात आमची मुलं बोंडल्याला नेणार आहोत.

---

पर्वरीची_पाहुणी | २५ नोव्हेंबर, सकाळी ८.१०

विचारलं, लगेच हो म्हणाली! तारीख कळवा.

तिचा एक प्रश्न आहे. तिने ती डहाळी वहीत चिकटवली आहे आणि खाली नाव लिहायचं थांबलीय. किंदळ लिहू की किंजळ?

---

किंदळवाट | २५ नोव्हेंबर, सकाळी ८.२५

गोव्यात मिळाली ना? किंदळ लिहा.

---

सड्यावरचा | २५ नोव्हेंबर, सकाळी ९.००

आणि वहीत समोरचं पान कोरं ठेवायला सांगा. कुंभ्याचं लाल पान तिथे लागेल. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडे या, घरामागेच झाड आहे, दहा पावलांवर.

---

शब्दवेडा | २५ नोव्हेंबर, सकाळी ९.१५

फेब्रुवारीत आल्या तर कोशिंबाची लाल पालवी चुकेल, ती मार्चच्या सुमाराला. तिकीट महिनाभराचं काढा.